पायांच्या बळावर मिळणारी पदवी



एखाद्या विद्यार्थ्याला गणितात उत्तम गुण मिळाले आणि विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली, तर त्यात कोणालाच नवल वाटत नाही. परंतु तो पाच किलोमीटर अंतर चौदा मिनिटांत धावतो, एवढ्याचसाठी सातासमुद्रापलीकडचे विद्यापीठ त्याला बोलावून घेते, त्याची फी भरते, राहण्या-जेवण्याची सोय करते आणि चार वर्षांनी त्याच्या हाती पदवी ठेवते, असे सांगितले की आपल्याकडचा पालक बुचकळ्यात पडतो. यात काही फसवणूक तर नाही ना, अशी शंका त्याच्या मनात येते. ती अगदीच अनाठायी नाही. पण ती बाळगून संधीकडे पाठ फिरवणे हेही शहाणपणाचे नाही. पेडणे-डिचोलीच्या सड्यांवर आणि तांबड्या मातीच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले-मुली आपण पाहतो. त्यांच्या आईबापांना आणि शिक्षकांना उपयोगी पडावे, म्हणून अमेरिकेतील महाविद्यालये परदेशी धावपटूंना आपल्या क्रॉस कंट्री संघांत का घेतात, कसे घेतात आणि त्यातून धावणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचा आज विचार करू.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय ते पाहू. आखीव धावपट्टी सोडून माळ, गवत, चिखल आणि चढउतार यांतून धावण्याची लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे क्रॉस कंट्री. 19 व्या शतकात इंग्लंडमधील शाळांत एक खेळ असे. दोघातिघांनी ससा व्हायचे, कागदाचे कपटे टाकीत रानातून पळायचे आणि बाकीच्यांनी शिकारी कुत्रे होऊन त्यांचा माग काढायचा. त्या खेळातून ही शर्यत जन्मली. 1912, 1920 आणि 1924 या तीन ऑलिंपिकांत ती होती. 1924 साली पॅरिसमध्ये भर उन्हाळ्यात ती घेण्यात आली. 38 जण धावू लागले, त्यांपैकी अवघे 15 शेवटपर्यंत पोहोचले. त्यानंतर ऑलिंपिकमधून ही शर्यत गेली ती गेलीच. अमेरिकेच्या महाविद्यालयांत मात्र ती रुजली आणि फोफावली. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, 1938 साली पहिली राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा भरविली.

या शर्यतीतील गुणांची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण परदेशी धावपटूंना एवढी मागणी का, याचे उत्तर तिच्यातच आहे. प्रत्येक महाविद्यालयाचे सात जण धावतात. पहिला आला त्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, पन्नासाव्याला पन्नास. संघातील पहिल्या पाच जणांच्या गुणांची बेरीज करायची आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. सहाव्या आणि सातव्या धावपटूचे गुण धरीत नाहीत. पण ते प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे आले तर त्या संघाचे क्रमांक मागे ढकलले जातात. म्हणजे पहिले पाचही क्रमांक एकाच संघाचे आले तर बेरीज पंधरा होते. याहून चांगला निकाल असू शकत नाही. आता अमेरिकी फुटबॉलच्या संघात शंभराच्या आसपास गडी लागतात. तेथे परदेशातून दोनचार माणसे आणून काय होणार? क्रॉस कंट्रीत मात्र पाच चांगले धावपटू म्हणजे अख्खा संघ. तीनचार परदेशी मुले मिळाली की कालपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसलेले महाविद्यालय राष्ट्रीय स्पर्धेत वरच्या रांगेत जाऊन बसते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. 2025 पर्यंत एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील विद्यापीठाला पुरुषांच्या क्रॉस कंट्री व मैदानी स्पर्धा मिळून 12.6 पूर्ण शिष्यवृत्त्या आणि स्त्रियांच्या 18 एवढ्याच देता येत असत. धावणारे, उड्या मारणारे, गोळा नि भाला फेकणारे, सगळे त्यांत आले. मग प्रशिक्षक विचार करी की, भालाफेक्या एकाच प्रकारात गुण मिळवील. पण लांब पल्ल्याचा धावपटू शरद ऋतूत क्रॉस कंट्री धावेल, हिवाळ्यात बंदिस्त मैदानावर धावेल आणि वसंतात उघड्या मैदानावर पाच नि दहा हजार मीटर धावेल. एका शिष्यवृत्तीत तीन हंगामांचे काम झाले. जून 2025 मध्ये तेथील न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर ही मर्यादा गेली. जी विद्यापीठे त्या तडजोडीत सामील झाली, त्यांना शिष्यवृत्त्यांची अट उरली नाही. त्याऐवजी संघात किती जण असावेत याची मर्यादा आली, आणि क्रॉस कंट्रीसाठी ती 17 ठरली. जागा थोड्या झाल्या म्हणजे प्रत्येक जागेसाठी चढाओढ वाढणारच.

परदेशी धावपटू आणण्याची ही रीत आजकालची नव्हे. फिलाडेल्फियाजवळ व्हिलानोव्हा नावाचे ऑगस्टिनियन धर्मगुरूंचे विद्यापीठ आहे. तेथील जंबो एलियट या प्रशिक्षकाने दुसऱ्या महायुद्धानंतर आयर्लंडहून मुले बोलावण्यास आरंभ केला. त्यांपैकी रॉनी डिलेनी याने 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पुढे त्याच विद्यापीठातून सोनिया ओ'सलिव्हन ही आयरिश मुलगी 1990 व 1991 अशी लागोपाठ दोन वर्षे महाविद्यालयीन क्रॉस कंट्रीची विजेती झाली. आयर्लंडमध्ये त्या काळी गरिबी होती, धावण्याची हौस होती, भाषेची अडचण नव्हती आणि ओळखीचे धर्मगुरू दोन्ही देशांत होते. एक मुलगा सुखरूप गेला, शिकला, घरी पत्र आले की त्याच्या गावचा दुसरा निघे. आपल्या गोव्यातील माणसे आखातात किंवा जहाजावर जशी एकामागून एक गेली, तसाच हा प्रकार.

वादाला तोंड फुटले ते ह्यूस्टन विद्यापीठामुळे. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ॲल लॉरेन्सला आणले. तो 1956 च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा, मुरलेला धावपटू. 1959 आणि 1960 साली तो वैयक्तिक विजेता झाला आणि 1960 चे सांघिक विजेतेपदही ह्यूस्टनला मिळाले. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी तिशीतल्या ऑलिंपिकवीराशी धावायचे, हा कोणता न्याय, अशी ओरड झाली. तेव्हा एनसीएएने नियम केला की, परदेशी विद्यार्थी एकोणिसाव्या वर्षानंतर आपल्या देशात जितकी वर्षे स्पर्धेत उतरला असेल तितकी त्याच्या खात्यातून वजा करायची. हा नियम परदेशी विद्यार्थ्यांनाच लागू होता. हॉवर्ड विद्यापीठ त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि परक्या नागरिकांना वेगळी वागणूक देणारा नियम टिकणार नाही, असा निर्णय 1975 साली वरिष्ठ न्यायालयाने दिला. पुढे देशी-परदेशी सर्वांना सारखाच लागू होईल असा वयाचा नियम आला. तक्रार वयाविषयी असेल तर नियम वयाविषयी असावा, जन्मभूमीविषयी नसावा, एवढाच त्या निकालाचा मथितार्थ.

दरवाजा उघडला तो पूर्व आफ्रिकेसाठी. टेक्सासमधील एल पासो येथील विद्यापीठाने 1975 पासून 1981 पर्यंतच्या सात वर्षांत सहा वेळा सांघिक विजेतेपद मिळविले, ते मुख्यतः आफ्रिकी धावपटूंच्या जोरावर. 1981 साली त्यांच्या संघाची बेरीज अवघी 17 होती. म्हणजे पहिल्या सहा क्रमांकांपैकी पाच त्यांचे! केनियातून आलेला हेन्री रोनो हा वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी. 1978 साली अवघ्या 81 दिवसांत त्याने चार जागतिक विक्रम मोडले. अगदी अलीकडे, 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षे ओरेगन विद्यापीठाच्या एडवर्ड चेसेरेकने ही शर्यत जिंकली, तोही केनियाचाच. 2024 साली स्त्रियांची शर्यत अलाबामा विद्यापीठाच्या डोरिस लेमन्गोले या केनियन विद्यार्थिनीने जिंकली. मात्र त्याच वर्षी पुरुषांचे आणि स्त्रियांचे अशी दोन्ही सांघिक विजेतेपदे युटा राज्यातील ब्रिघम यंग विद्यापीठाने मिळविली, ती अमेरिकी मुलामुलींच्या बळावर. तेव्हा परदेशी धावपटूंवाचून विजय नाहीच, असेही कोणी समजू नये.

केनियाचे नाव निघाले म्हणजे तेथील उंचीचे, हवेचे आणि अंगकाठीचे गोडवे गायले जातात. त्यांत तथ्य आहेच. इटेन हे धावपटूंचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवर आहे. परंतु त्या गावात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सेंट पॅट्रिक्स नावाची शाळा. 1976 साली आयर्लंडहून ब्रदर कोम ओ'कॉनेल तेथे भूगोल शिकवावयास आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचे कसलेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुलांकडे पाहत पाहत ते शिकले आणि त्यांच्या हाताखालून जगज्जेते निघाले. त्या शाळेचा पीटर रोनो अमेरिकेतील मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज या लहानशा कॅथलिक महाविद्यालयात शिकावयास गेला आणि तेथे शिकत असतानाच 1988 साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचा विजेता झाला. शाळेत लक्ष देणारा शिक्षक, पलीकडे विश्वासाचे महाविद्यालय आणि दोहोंमध्ये पत्रव्यवहार, एवढी सामग्री जमली म्हणून डोंगरावरचा मुलगा तेथवर पोहोचला. उंची देवाने दिली. बाकीचे माणसांनी केले.

आणि केनियाच्या धावण्याच्या इतिहासात गोमंतकीयाचेही पान आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मोंबासात वाढलेला, मूळचा गोमंतकीय कुटुंबातला सेराफिनो आंताव हा 1962 साली पर्थ येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत 100 व 220 यार्ड या दोन्ही शर्यती जिंकून आला. 1964 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये केनियाचा ध्वज त्याच्याच हाती होता. तो अल्प पल्ल्याचा धावपटू. पण गोवेकराच्या पायांत धावण्याचे बळ नसतेच, असे म्हणणाऱ्यांना तेवढे उत्तर पुरे.

आता या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहू. विरोध करणारे म्हणतात की, राज्याच्या करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने प्रथम आपल्या राज्यातील मुलांना संधी द्यावी. बाहेरून तयार धावपटू आणले तर गावच्या मुलाला घडविण्याचे कष्ट प्रशिक्षक कशाला घेईल? या म्हणण्यात काही खोटे नाही. आपल्या देशातही त्याचे प्रतिबिंब दिसते. मूडबिद्रीच्या आळ्वाज संस्थेने देशाच्या कानाकोपऱ्यांतील होतकरू खेळाडूंना फी, निवास आणि भोजन देऊन शिकविण्याची प्रथा पाडली, आणि आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धांत मंगळूर विद्यापीठाचे नाव सतत वर राहू लागले. हरयाणाचा किंवा उत्तर प्रदेशचा मुलगा कर्नाटकाच्या विद्यापीठासाठी धावतो, हे कोणाला खटकते. पण त्या मुलाला पदवी मिळते, हेही खरे. समर्थन करणारे म्हणतात की, आपल्याहून वेगवान गड्याबरोबर धावल्यावाचून कोणी वेगवान होत नाही आणि विद्यापीठ हे नावाप्रमाणे विश्वाचे असावे. माझ्या मते या वादाचा निकाल एका कसोटीवर लागतो: धावपटूला आणल्यावर विद्यापीठ त्याला शिकविते की नुसते पळविते?

ही कसोटी कोरडी नव्हे. हेन्री रोनोचेच पाहा. एवढा मोठा धावपटू. पण 1976 आणि 1980 या दोन्ही ऑलिंपिकांवर केनियाने बहिष्कार टाकल्यामुळे तो ऑलिंपिकमध्ये धावलाच नाही. पुढे दारूच्या आहारी गेला, पैसा गेला आणि परक्या देशात निवाऱ्यालाही महाग झाला. फार वर्षांनी तो सावरला. 2024 साली त्याचे निधन झाले. त्याच केनियाचा माइक बॉइट. 1972 साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये त्याने 800 मीटरचे कांस्यपदक मिळविले. तोही अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या एका महाविद्यालयात धावण्याच्या बळावर गेला. पण शिकत राहिला, डॉक्टरेट घेतली आणि मायदेशी परतून विद्यापीठात प्राध्यापक झाला. दोघांच्या पायांत बळ सारखेच होते. पाय थकल्यावर उरते ते काय, एवढाच फरक. सगळा दोष विद्यापीठाचा किंवा सगळे श्रेय विद्यापीठाचे, असे म्हणता येणार नाही. परंतु मुलाला पाठविणाऱ्याने या दोन्ही चरित्रांची आठवण ठेवावी.

आपल्या मराठी मुलखात धावपटू हेरून परदेशी पाठविण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतून आलेले अनवाणी शेतकरी धावले. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्यांची वेळ पाहिली आणि ती युरोपातील धावपटूंच्या जवळपास आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि जगातील नामांकितांमध्ये 19 वे आले. वेळ होती 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद, आणि मार्ग होता नेहमीहून थोडा लांब, पाऊण किलोमीटरवर बेचाळीस. त्यांना कोणी पदवी दिली नाही. तशी वाटच त्या काळी नव्हती.

नंतरही आपल्या धावपटूंची वाट बहुधा विद्यापीठातून न जाता नोकरीतून गेली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. 2015 साली सैन्याच्या क्रॉस कंट्रीत त्याचे पाय ओळखले गेले. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने स्टीपलचेसचे रौप्य आणि 2023 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळविले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर याही दुष्काळी नि डोंगरी भागातून वर आल्या. सैन्य, रेल्वे, पोलीस यांनी आपल्या धावपटूंना भाकरी दिली, आणि ते ऋण मोठे आहे. खेळाच्या बळावर अमेरिकी पदवी घेणारे भारतीय थोडे. 1970 व 1971 साली तिहेरी उडीत महाविद्यालयीन विजेता ठरलेला मोहिंदरसिंग गिल आणि 2018 व 2022 साली उंच उडी जिंकणारा कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा तेजस्विन शंकर ही त्यांतील ठळक नावे. लांब पल्ल्याच्या धावण्यात मात्र ती वाट अजून जवळजवळ मोकळीच आहे.

मग आपल्या मुलांनी काय करावे? पहिली गोष्ट, वेळेची अधिकृत नोंद. प्रशिक्षक गावच्या टाळ्या पाहत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेतील 1500 आणि 5000 मीटरची वेळ पाहतो. 2023 साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा बांबोळीच्या धावपट्टीवर देशभरचे धावपटू आपण पाहिले. तशा धावपट्टीवर मोजलेली वेळ हवी. पहिल्या श्रेणीची वेळ नसेल तर नाउमेद होऊ नये. दुसरी श्रेणी आहे, दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये आहेत, तेथेही शिष्यवृत्त्या मिळतात. मात्र एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, हे आधीच जाणून असावे.

दुसरी गोष्ट, अभ्यास. बारावीपर्यंतच्या विषयांची आणि गुणांची छाननी होते, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आपल्या मराठी प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांना इंग्रजी जमणार नाही, असे मी म्हणणार नाही. पण ते नववीपासून रोज थोडे थोडे करावे लागते, शेवटच्या तीन महिन्यांत होत नाही. बारावीनंतर वर्षे दवडू नयेत, कारण त्यानंतरच्या स्पर्धांची वर्षे खात्यातून वजा होऊ शकतात. गावोगावच्या रोख बक्षिसांच्या शर्यतींविषयीचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि मिळालेल्या रकमेचा हिशेब लिहून ठेवावा. जन्मदाखला, शाळेचे दफ्तर आणि पासपोर्ट यांत नाव व जन्मतारीख एकच आहे ना, हे पाहावे. आपल्या गोव्यात एकाच माणसाच्या नावाची दोन-तीन स्पेलिंगे असतात. ती दुरुस्त करण्यात वर्ष निघून जाते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि येथे सावध राहावयाचे आहे. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी मागणारा किंवा प्रवेश मिळवून देण्याबद्दल मोबदला ठरविणारा मध्यस्थ एनसीएएच्या नियमांत बसत नाही. त्याला दारातूनच नमस्कार करावा. विद्यापीठाचे पत्र हाती आले की चार प्रश्न विचारावेत. शिष्यवृत्ती पूर्ण की अर्धी? एका वर्षाची की चार वर्षांची? पाय दुखावला तर ती चालू राहील काय? आणि सुट्टीत मुलाने राहायचे कोठे? अमेरिकेतील कित्येक खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च पन्नास हजार डॉलरांच्या पलीकडे जातो. अर्धी शिष्यवृत्ती मिळाली, हे ऐकून घर गहाण ठेवणाऱ्याला उरलेल्या अर्ध्याचा आकडा आधी दिसला पाहिजे. 2021 पासून तेथील विद्यार्थी-खेळाडू जाहिरातींतून पैसे मिळवू लागले आहेत. पण विद्यार्थी परवान्यावर गेलेल्या परदेशी मुलाला ते सहसा शक्य नसते. सत्र चालू असता त्याला विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करता येते. तेव्हा घरी पैसे पाठविण्याच्या आशेने कोणी मुलाला धाडू नये. तो पदवीसाठी जात असेल तरच त्याला जाऊ द्यावे.

आणि अखेरची गोष्ट आपली, शिक्षकांची. बाहेरचे प्रशिक्षक पेडण्याला आपण होऊन येणार नाहीत. इटेनच्या शाळेतून कोणी तरी पत्र लिहिले, कोणी तरी वेळ नोंदवून ठेवली, कोणी तरी मुलाचे गुणपत्रक जपले, म्हणून ते तेथे गेले. आपल्याकडे तेवढी उंची नाही, हवा दमट आहे, पावसाळा चार महिने घेतो. पण पाऊस ओसरल्यावर सडे मोकळे असतात, आणि त्यांवर धावणारी मुले असतात. प्रत्येक शाळेने एक साधी वही ठेवावी. तीत मुलाचे नाव, अंतर, वेळ आणि तारीख लिहावी, आणि त्याच पानावर त्याचे इंग्रजीचे व गणिताचे गुण लिहावेत. दोन्ही रकाने भरत गेले, तर मुलगा अमेरिकेला जावो अथवा मूडबिद्रीला, सैन्यात जावो अथवा आपल्याच महाविद्यालयात राहो, त्याचे धावणे वाया जाणार नाही. एकच रकाना भरत असेल, तर शिक्षकाने वेळीच घरी जाऊन आईबापांशी बोलावे.